रेशनच्या रांगेत सगळं गाव, समितीच्या बैठकीला तिघं: सीमाभागात असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात रेशन दुकानाच्या दक्षता समितीवर बचत गटातून तुमचं नाव गेलंय. वहीत सह्या होतात, पण बैठकीला कुणी फिरकत नाही. अंगणवाडीच्या बाल विकास समितीची तीच गत, आणि ग्रामसभेत रेशनचा विषय निघाला की सगळे खाली मान घालतात. पंचायतीचे विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ, म्हणतात, "लोकांना फुकटचं हवं, जबाबदारी नको." गावातले कार्यकर्ते म्हणतात, "सगळं कानडीत चालतं, म्हणून आपली माणसं लांब राहतात." यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. खानापूर आणि निपाणी या दोन्ही भागांत रेशन, अंगणवाडी आणि शाळेतला आहार या कामात माझी बरीच वर्षं गेली. माझं मत असं की बोललं तर आपल्याला काय भोगावं लागेल हे लोकांना नेमकं माहीत असतं. उलट बोलून काय मिळेल ते मात्र कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे गप्प बसणं हा आळस नसून हिशेब आहे.

आधी दुकान कुणाकडे आहे ते बघा. आपल्याकडे बऱ्याच गावांत ते कृषी पत्तीन संघाकडे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सोसायटीकडे असतं. पीककर्ज तीच देते, खताची पोतीही तिथूनच उचलायची, आणि संचालक मंडळातला एखादा पंचायतीतही असतो. आता चार माणसांचं कार्ड असलेली एखादी बाई धरा. काट्यावर तिला अर्धा किलो कमी मिळालं. तिनं तक्रार करावी असं आपण म्हणतो. पण तिच्या घरचं बिनव्याजी पीककर्ज दर वर्षी त्याच टेबलावर नवं-जुनं होतं. अर्ध्या किलो तांदळासाठी ती कर्जाची फाईल अडकवून घेईल का? मी तिच्या जागी असतो तर मीही घेतली नसती.

म्हणून समितीवर लाभार्थी बायका घ्या, एवढं सांगून भागत नाही. निदान एक-दोन माणसं अशी हवीत ज्यांचं त्या सोसायटीत काही अडकलेलं नाही: निवृत्त शिक्षक, पोस्टातला माणूस, बाहेर नोकरी करून परत आलेला कुणी. तक्रारीवर पहिली सही त्यांची. कार्डधारकांची नावं पाठीमागे, सगळ्यांची एकत्र.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. दुकानदार प्रत्येक वेळी चोर नसतो. गोदामातून आलेला कट्टाच कमी भरतो, हमाली त्याच्या अंगावर पडते, कमिशन महिनोनमहिने थकतं. ही तूट तो कार्डधारकांकडून थोडी थोडी भरून काढतो. समिती फक्त वाटपाच्या दिवशी काट्यावर डोळा ठेवून बसली तर भांडण गावातल्या गावात होतं आणि वरचा सुटतो. धान्याची गाडी उतरते तेव्हा समितीचे दोघं तिथं उभे राहिले, चार-पाच कट्टे वजन करून वहीत लिहिले आणि दुकानदाराची सही घेतली, तर तोच दुकानदार तुमच्या बाजूला येतो. हे मी होताना पाहिलंय. काटा तोच, माणसं तीच, पण भांडणाचं तोंड गोदामाकडे वळतं.

समितीला हा अधिकार आहे का, असा प्रश्न लगेच येईल. आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चं कलम २९ दक्षता समित्यांबद्दल आहे. राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चारही पातळ्यांवर समित्या असायला हव्यात. त्यांत स्थानिक संस्था, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि निराधार किंवा अपंग व्यक्ती यांना प्रतिनिधित्व हवं. देखरेख करणं आणि कायद्याचा भंग किंवा अफरातफर दिसली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवणं, ही समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. कलम २७ नुसार रेशनचे रेकॉर्ड लोकांना बघायला खुले हवेत, आणि कलम २८ सामाजिक लेखापरीक्षणाचं आहे. एवढं सगळं असून तुमच्या समितीतल्या किती जणांच्या हातात नेमणुकीचा कागद आहे? बहुधा नसेलच. तोंडी नेमलेल्या माणसाला गोदामाच्या गाडीजवळ कोण उभं करून घेणार? पहिल्यांदा तो कागद मागा.

यापलीकडची अडचण गावाच्या हाताबाहेरची आहे. जे गावात ठरतं ते फार थोडं. कर्नाटकच्या अन्नभाग्य या रेशनच्या तांदळाच्या योजनेचंच बघा. २०१३ मध्ये योजना आली. जुलै २०२३ पासून वाढीव पाच किलो तांदळाऐवजी किलोला ३४ रुपये, म्हणजे माणशी १७० रुपये खात्यावर यायला लागले. ज्यांचं खातं आधारशी जोडलेलं नव्हतं त्यांना ना वाढीव तांदूळ ना पैसे. २०२५ मध्ये पैसे बंद होऊन पुन्हा तांदूळ सुरू झाला. या दोन्ही वेळा कुठल्या ग्रामसभेला विचारलं होतं? खानापूरच्या पश्चिमेला घरचं भात पिकतं. तिथल्या बाईला तूरडाळ, तेल हवं असतं. अथणी-रायबागकडे जेवण भाकरीचं, त्यांना जोंधळे हवेत. उत्तर कर्नाटकात रेशनला जोंधळे येतात, पण कधी, किती आणि कसले, हे बेंगळुरात ठरतं. लोकांना हे नीट कळतं. ग्रामसभेत हात वर करून जोंधळा बदलत नाही, मग हात वर करायचा कशाला?

कार्डाचंही तसंच. नवीन बीपीएल कार्डाचा अर्ज बहुतेक वेळ बंदच असतो. मध्येच कधीतरी दुरुस्तीची खिडकी काही दिवस, काही तास उघडते, आणि ती उघडली हे कळेपर्यंत सर्व्हर बसलेला असतो. ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रासमोर पहाटेपासून रांग लावून दुपारी परत आलेला माणूस संध्याकाळी तुमच्या बैठकीला येईल ही अपेक्षाच चुकीची. त्यात १ लाख २० हजारांच्या वर उत्पन्न, घरात चारचाकी, आयकर भरणारा असे निकष लावून कार्डं तपासण्याच्या मोहिमा मधूनमधून निघतात. ज्याच्या मुलानं कर्ज काढून जुनी व्हॅन घेतलीय, तो रेशनच्या बाबतीत कुठंही तोंड उघडत नाही. नजरेत आलो तर कार्ड जाईल ही धास्ती. आणि कार्ड गेलं तर नुसता तांदूळ जात नाही. गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजारसुद्धा कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून असलेल्या बाईलाच मिळतात, सरकारी दवाखान्यातल्या सवलतीलाही कार्डच लागतं. एका कागदावर इतकं टांगलेलं असलं की त्या कागदाविषयी बोलायला जीव घाबरतोच.

आता सीमाभागाचं म्हणून जे खास दुखणं आहे त्याकडे येतो. बेंगळुरूच्या किंवा पुण्याच्या तज्ज्ञांना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं बघत राहतात.

आपल्या सोयरिकी चंदगड, गडहिंग्लज, कागल, आजऱ्याकडच्या. मुलगी चंदगडहून खानापूरला आली. तिचं नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या कार्डावर. ते कमी केल्याशिवाय इथं चढत नाही, कारण तिचा आधार क्रमांक तिकडच्या कार्डाला जोडलेला असतो आणि इथला संगणक तो घेत नाही. कमी करायला चंदगड तहसीलला अर्ज. वडील जातात, "पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत येतात. तिकडे नाव कमी झालं की इकडे खिडकी बंद. या मधल्या काळात ती दोन्ही राज्यांत नाही. आधारवर पत्ता माहेरचा, आडनाव माहेरचं. आपल्या रीतीनं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बाळाचा जन्मदाखला गडहिंग्लजचा. त्यावर आईचं नाव एका स्पेलिंगनं, इथल्या कार्डावर दुसऱ्या स्पेलिंगनं, कारण इथं ते कानडीतून इंग्रजीत गेलेलं असतं. मंगलच्या शेवटी एक ए जास्त लागला तर बाळाचं पाच किलो थांबतं. अशी सून तुमच्या समितीत येऊन काय बोलणार? कागदोपत्री ती गावचीच नाही.

गरोदरपणात तर आणखी गंमत. सातव्या महिन्यात ती माहेरी जाते. इथल्या अंगणवाडीतून नाव निघत नाही, तिथल्या अंगणवाडीत चढत नाही. नेमके ज्या महिन्यांत आहार सगळ्यांत जास्त हवा, ते महिने दोन राज्यांच्या मध्ये पडतात. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येतं. त्यामुळे माहेरी जायच्या आधी सेविकेला सांगून नाव हलवायला लावणं हे साधं काम समितीनं करण्यासारखं आहे. त्याला ना भांडण लागतं ना ठराव.

मातृपूर्ण योजनेबद्दलही तुम्ही विचारलंय. ऑक्टोबर २०१७ मध्ये ती आली तेव्हा हेतू चांगला होता: गरोदर आणि स्तनदा मातेनं दुपारी अंगणवाडीत येऊन गरम जेवण घ्यायचं, सोबत अंडं, दूध. घरी नेलेलं धान्य सगळ्या घरात वाटलं जातं, आईच्या पोटात जातच नाही, हे खरंच आहे. पण ठरवताना कुणी जुलै महिन्यातल्या खानापूरला येऊन बघितलं नसावं. जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. आठ महिन्यांची पोटुशी बाई चिखलातून ओढा ओलांडून अर्धं ताट भात खायला जाणार? रोपलावणीला गेलेली तर शेतातच असते. सासू म्हणते, घरात काय जेवायला नाही का, लोक काय म्हणतील. हा शेवटचा अडथळा कुठल्याही अहवालात दोन ओळींत उरकतात. माझ्या अनुभवात तो सगळ्यांत चिवट. तो मोडला तिथं सासूला बोलावून मोडला. बाल विकास समितीत सुनेऐवजी सासूला घ्या, हे माझं ठाम मत आहे, कितीही उलटं वाटलं तरी.

त्या समितीचं आणखी एक. अंड्यांचे पैसे समितीच्या आणि सेविकेच्या जोड खात्यावर येतात, उशिरा येतात, आणि सरकारी दर बाजारभावाच्या मागे असतो. सेविका गावच्या दुकानातून उधारीवर अंडी आणते. तिचा हिशेब सुटावा म्हणून समितीची अध्यक्ष कोऱ्या चेकवर सही करून ठेवते. दोघींचाही उद्देश वाईट नसतो. पण एकदा कोरी सही दिली की पुढं प्रश्न विचारायचं तोंड राहत नाही. चेकवर रक्कम आणि तारीख लिहूनच सही, एवढा एक नियम तुमच्या गावात पाळा.

शाळेतल्या आहाराकडे बघा, तिथं चित्र बरं दिसेल. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, बैठकीला आया येतात, भांडतात सुद्धा. कारण पोरगं रोज संध्याकाळी घरी सांगतं, आज अंडं मिळालं, आज नाही. २०२४ पासून आठवड्याचे सहाही दिवस अंडी द्यायचं ठरलंय, तेव्हा मोजायला सोपं: सहा की चार? स्वयंपाकीणबाई गावातलीच, तिला रस्त्यात गाठून विचारता येतं. डोळ्यांना दिसणारी आणि बोटांवर मोजता येणारी गोष्ट असली की आपली माणसं सहभागी होतात, कुणी शिकवावं लागत नाही. रेशनमध्ये ही मोजदाद लोकांपासून लपलेली असते, आणि ती उघडी करणं हेच समितीचं काम. दुकानाबाहेरच्या फळ्यावर या महिन्यात किती क्विंटल आलं, किती कार्डांना गेलं, किती शिल्लक, हे खडूनं लिहिलेलं असलं तर अर्धं काम झालं.

निपाणीकडची गोष्ट वेगळी. तिथं तंबाखूच्या वखारीत आणि विडीकामात आयुष्य गेलेल्या बायका आहेत. एकीची बोटं मी हातात घेऊन बघितली होती. रेषाच नाहीत, गुळगुळीत. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा. पुसून पुन्हा, पुन्हा लाल. दुसऱ्या हाताचा. मागची रांग कुरकुरायला लागते, आणि दुकानदार म्हणतो, "अंगठा लागंना मावशी, उद्या या." उद्या म्हणजे एक दिवसाची मजुरी. अशा वेळी मोबाईलवर ओटीपी मागता येतो, पण नंबर मुलाचा, मुलगा कोल्हापूरच्या एमआयडीसीत कामावर. केंद्र सरकारनं २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना सांगितलेलं आहे की अंगठा जुळला नाही एवढ्यासाठी धान्य नाकारायचं नाही, वेगळ्या वहीत नोंद करून द्यायचं. ही वही दुकानात आहे का, एवढं विचारा. विचारणारा एक जण नियमित असला तरी ती वही उघडली जाते.

भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांचं काय सांगू. गवाळी, पास्तोली, कोंगळा, देगाव, आमगाव अशी गावं. २०११ मध्ये अभयारण्य झालं, रस्ता-वीज-टॉवर सगळ्याला वनखात्याची परवानगी लागते. मशीनला रेंज नाही, म्हणून रेंज असेल तिथं जायचं, म्हणजे कित्येक किलोमीटरची पायपीट. पंचायत मोठी, तिच्याखाली अनेक वाड्या, ग्रामसभा मुख्य गावात अकरा वाजता. या लोकांकडून सहभागाची अपेक्षा धरण्याआधी पंचायत एकदा तरी त्यांच्या वाडीवर जायला हवी. कर्नाटकच्या पंचायतराज कायद्यात वॉर्डसभा सहा महिन्यांतून एकदा तरी घ्यायची आहे, ती वाडीवर घ्यायला कुणी अडवलेलं नाही. पावसाळ्याआधी दोन-तीन महिन्यांचं धान्य एकदम द्या, हा ठराव तिथं होऊ दे.

गोव्याला गेलेल्या पुरुषांबद्दल थोडक्यात: वन नेशन वन रेशन कार्डखाली त्यांना गोव्यातल्या दुकानातून आपल्या वाट्याचं केंद्राचं धान्य उचलता येतं, आणि बाकीचं कुटुंब उरलेलं इथं उचलू शकतं. राज्याचं वाढीव धान्य मात्र हद्दीबाहेर मिळत नाही. निपाणी-चिक्कोडीकडे येणाऱ्या बीडच्या ऊसतोड टोळ्यांनाही हाच हक्क आहे. दुकानदार "साठा नाही" म्हणून परतवतो. त्यांच्या बाजूनं कोण बोलणार, ते तर आपले मतदारही नाहीत. तुमच्या समितीनं बोलावं, असं मला वाटतं.

आता भाषा. मी ती मुद्दाम इतक्या उशिरा घेतली. एसएमएस, पावती, फलक, अर्ज, सगळं कानडीत असतं आणि वयस्कर माणसाला ते वाचता येत नाही, हे खरं आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या मान्य झालेल्या संरक्षणांत, जिथं ते १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं आहे, आणि राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. म्हणजे मराठीतला अर्ज नाकारता येत नाही. पण रामदुर्ग-सौंदत्तीकडच्या कानडी गावांत जाऊन बघा. तिथं सगळं त्यांच्याच भाषेत आहे आणि दक्षता समितीची बैठक तिथंही ओसच. भाषा हे पहिलं कारण असतं तर तिथं गर्दी व्हायला हवी होती. आपल्याकडे भाषेचा मुद्दा पुढं केला की सोसायटीच्या चेअरमनवर बोट ठेवावं लागत नाही, तो मराठी असतो म्हणून. हे काहींना झोंबेल, झोंबू दे.

व्यवहारात मी असं सांगतो: अर्ज एकाच कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे कानडी. गावातली हायस्कूलची मुलं दोन्ही लिहितात, त्यांना बसवा. फूड इन्स्पेक्टरला वाचायला त्रास नाही आणि आपल्या माणसाला आपण कशावर सही केली ते कळतं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. फोनवर तक्रार करायची तर १९६७ हा रेशनचा टोल फ्री नंबर आहे. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

बैठकीचं म्हणाल तर वेगळी बैठक बोलावूच नका. वाटपाच्या दिवशी सगळं गाव रांगेत तास-दोन तास उभंच असतं, बायकाच जास्त. तिथंच दुकानाच्या ओट्यावर वही उघडा. कुणाचं नाव अडलंय, कुणाचा अंगठा लागत नाही, कुणाची सून अजून माहेरच्या कार्डावर आहे, विचारत विचारत रांगेबरोबर पुढं सरका. रांगेतला माणूस एकटा नसतो, त्यामुळे बोलतो. अशा दोन-तीन वाटपांत जी यादी होईल ती घेऊन तहसीलला जायचं, आणि जाताना त्या पहिल्या सहीच्या शिक्षकांना सोबत घ्यायचं. काटा वजनमाप खात्यानं या वर्षी तपासल्याचा दाखला दुकानात लावलेला आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी घ्यावा लागतो. नसेल तर वहीतली पहिली नोंद तीच करा.